साखर दिसायच्या आधी

पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांत १९९३ साली एक काम सुरू झालं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राची माणसं घरोघर जाऊन लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांची नावं लिहून घेऊ लागली. अडीच हजारांवर बायका. त्यांची उंची, वजन मोजून झालं की मग दर महिन्याला पुन्हा त्याच दारात जायचं आणि विचारायचं, पाळी कधी आली? दिवस गेलेत असं कळलं की पुढच्या नोंदी सुरू. ती काय जेवते, पाणी किती वाहते, शेतात किती राबते, रक्तात काय कमी आहे, सोनोग्राफीत बाळ केवढं दिसतंय. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याचं वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा, दंडाचा घेर. शिवाय एका खास चिमट्याने खांद्याच्या फऱ्याखालची कातडी हलकेच धरून तिची जाडी.

या अभ्यासाचं नाव पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांचे पुण्यातले सहकारी आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक यांनी मिळून केलेला. मधुमेहाबद्दल वाचायला लागल्यापासून मी पुन्हापुन्हा या सहा गावांपाशी येऊन थांबते. त्या बायकांबद्दल मला फार आदर वाटतो. नव्वदीच्या सुरुवातीच्या खेड्यात, घरात सासू-सासरे असताना, दर महिन्याला कुणाला तरी आपल्या पाळीची तारीख सांगायची ही काही सोपी गोष्ट नव्हती. भारतीय बाळाच्या शरीराबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या बायकांनी दारात उभं राहून दिलेल्या उत्तरांमधून आलेलं आहे.

निघालं काय? पुण्याच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान असतात हे आधीही माहीत होतं. पण ही तूट अंगभर सारखी नव्हती. दंडाचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर, म्हणजे आतले यकृतासारखे अवयव, बरेच लहान होते. खांद्याखालची चरबी मात्र फारशी कमी झालेलीच नव्हती. पावणेतीन किलोचं हाडकुळं दिसणारं बाळ त्याच्या आकारमानाच्या मानाने चरबी राखून जन्माला आलं होतं. बाळ पोटात असताना जेवढं मिळालं, त्यात शरीराने मेंदू वाचवला, चरबी साठवली आणि स्नायूंचा वाटा कापला.

स्नायूंचा वाटा कापला जाणं किती महागात पडतं हे पुढे कळतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात. स्नायू कमी, चरबी जास्त आणि इन्शुलिन तयार करणारं स्वादुपिंडही बेताच्याच ताकदीचं, अशी सुरुवात असलेलं शरीर शेतात राबत असेल, मोजकं खात असेल, तोवर निभावून नेतं. त्याच शरीराला खुर्ची, दुचाकी आणि दोन वेळचा भात-पोळी-बटाटा मिळाला की निभत नाही. बरं, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. माणूस बारीकच असतो.

याज्ञिकांनी हे एकदा स्वतःच्या शरीरावर दाखवून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही निरोगी. प्रत्यक्ष मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एका पानाचं ते टिपण मी कितीतरी जणांना दाखवलं आहे. वजनकाटा ज्या शरीरांवर बेतला गेला ती शरीरं आपली नव्हती, हे इतकं स्वच्छ सांगणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आता माझ्या घरचं.

आईला शुगर निघाली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत. वय अठ्ठावन्न. आई जन्मभर बारीक, नऊवारीत तर आणखीच बारीक दिसायची. पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, असं ती कितीतरी वर्षं सांगत होती. वेगवेगळ्या दवाखान्यांतून तिला कॅल्शियम मिळालं, ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, एकदा तर चप्पल बदला असा सल्ला मिळाला. एवढ्या किडकिडीत बाईच्या रक्तातली साखर बघावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. निदान झालं तेव्हा डोळ्यांच्या पडद्यावर आणि पायांच्या नसांवर परिणाम होऊन गेलेला होता.

नंतर ज्या मधुमेहतज्ज्ञांकडे आम्ही गेलो, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आईला आधी विचारलं, “आजी, बाळंतपणं कशी झाली? मुलांची जन्माची वजनं आठवतात?”

आई खुलली. माझ्याकडे हात करून म्हणाली, “ही एवढीशी होती, सुपात मावेल एवढी. धाकटा मात्र चांगला चार किलोचा. तालुक्याच्या सुदृढ बालक स्पर्धेत पहिला नंबर आला त्याचा. स्टीलचा डबा मिळाला होता, अजून आहे.”

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या रेघांचा अर्थ मला त्यांनीच समजावून सांगितला. पंचेचाळीस किलोच्या आईच्या पोटी चार किलोचं बाळ येतं, तेव्हा गरोदरपणात आईची साखर वाढलेली असण्याची शंका घ्यायला हवी. आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड जादा इन्शुलिन तयार करतं आणि बाळ चरबीने भरतं. बाळंतपणानंतर आईची साखर बहुधा उतरते आणि विषय संपल्यासारखा वाटतो. पण ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह होऊन गेला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सातपट किंवा त्याहूनही अधिक असतो. हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. गरोदरपणातल्या साखरेवरून पुढचा मधुमेह ओळखता येतो, हे ओसलिवन आणि माहान या दोघांनी बॉस्टनमध्ये १९६४ सालीच मांडलं होतं. धाकट्याचा जन्म १९७८चा. तालुक्याच्या गावात तेव्हा ही तपासणी कुठून असणार. पण पुढच्या तीस वर्षांत केव्हाही कुणी तो एक प्रश्न विचारला असता, तर उत्तर तयार होतं. आमच्या घरात त्याचा डबासुद्धा होता, त्यात पोहे भरलेले असायचे.

व्यक्तिगत वैद्यक, म्हणजे ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे निदान आणि उपचार, याबद्दल सध्या फार बोललं जातं. त्यातलं पुष्कळ मी वाचते आणि मला त्याची मनापासून आस आहे. पण माझं एक म्हणणं आहे. हे वैद्यक जनुकांपासून सुरू होत नाही. ते त्या डॉक्टरांच्या प्रश्नापासून सुरू होतं. समोरच्या माणसाची आई कशी होती, तो केवढा जन्मला, त्याच्या कमरेचा घेर किती आहे, त्याच्या घरात कुणाला कितव्या वर्षी काय झालं, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात जनुकांचा अख्खा ग्रंथ दिला तरी तो त्या माणसाला ओळखणार नाही.

जन्माच्या वजनाचंच बघा. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून सुईणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत होत्या. पुढे त्या वह्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांनी साठी-सत्तरीला आलेली ती ‘बाळं’ शोधून काढली आणि दिसलं असं की लहान जन्मलेल्यांमध्ये पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त. बार्कर यांच्या विचारावर सुरुवातीला पुष्कळ टीका झाली. पण त्या वह्या नसत्या तर टीका करण्याइतकंही हाती काही आलं नसतं. आपल्याकडे आता माता-बाल संरक्षण कार्डावर जन्माचं वजन लिहिलेलं असतं. लसी संपल्या की ते कार्ड कपाटाच्या तळाशी जातं आणि घर बदलताना हरवतं. ते जपून ठेवावं, मूल मोठं झालं की त्याच्या हाती द्यावं, असं मला फार वाटतं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मी काय केलं ते सांगते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची एक साधी गुणपत्रिका तयार केली. तिला रक्त लागत नाही. चार गोष्टी विचारायच्या: वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे का. शंभरपैकी साठ किंवा जास्त आले तर धोका मोठा. पन्नाशी ओलांडलेली म्हणून माझे ३०. कंबर ८४ सेंटिमीटर, बाईसाठी ८०च्या वर गेली की १०. आईला मधुमेह, १०. थोडंफार चालणं सोडलं तर दिवसभर बैठं काम, २०. बेरीज ७०. माझा बीएमआय २१ आहे आणि लग्नकार्यात अजूनही बायका विचारतात, “तू इतकी बारीक कशी गं राहिलीस?”

तपासणी केली. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, ५.८ आली. ५.७ ते ६.४ ही मधली पायरी, ६.५ला मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी हिमोग्लोबिन आणि लोह बघितलं. लोह कमी असेल तर हा सरासरीचा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडच्या किती बायकांचं लोह भरलेलं असतं? उलट तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील तर तो खोटा कमी दिसतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार असलेल्या एखाद्या माणसाला या एकाच आकड्यावरून ‘तुमची शुगर छान आहे’ असं सांगणं म्हणजे त्याला अंधारात ठेवणं आहे. म्हणून मग मी जुन्या पद्धतीची तपासणीही केली: उपाशीपोटी रक्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशीपोटीची उत्तम आली. दोन तासांची १५८. १४०च्या खाली यायला हवी होती. नुसती उपाशीपोटीची करून मी घरी आले असते तर सगळं ठीक आहे असंच कळलं असतं.

सणासुदीला वर्तमानपत्रांत संपूर्ण शरीर तपासणीच्या जाहिराती येतात. सत्तर-ऐंशी चाचण्या, एवढे रुपये, घरी येऊन रक्त नेणार. पंचविशीतल्या खेळाडूला आणि साठीतल्या आजीला तीच यादी. त्यात ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची ही तपासणी मी तरी पाहिली नाही, कारण तिला माणूस दोन तास बसवून ठेवावा लागतो. त्या पॅकेजपेक्षा आशाताईंच्या हातातला सरकारी फॉर्म मला किती तरी जास्त शहाणा वाटतो. सीबॅक म्हणतात त्याला. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारायचं: वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार आहे का. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं. एका टेपने आणि अर्ध्या पानाच्या प्रश्नांनी गावातल्या हजार माणसांमधून धोक्यातली माणसं वेगळी काढता येतात. हे काम करणाऱ्या बाईला आपण किती मानधन देतो आणि किती मान देतो, हा विचार मनात आला की मला लाज वाटते.

जनुकांबद्दल मी कमी लेखून बोलते आहे असं वाटू नये, कारण जिथे ती खरोखर कामाला येतात तिथे थक्क करणारं काम झालेलं आहे. काही बाळांना जन्मापासून पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांना जन्मभर इन्शुलिनची सुई, असंच सगळे धरून चालत. २००४ साली इंग्लंडमधल्या एक्सिटरच्या गटाने दाखवलं की यातल्या पुष्कळ बाळांच्या एकाच जनुकात बिघाड असतो. त्यामुळे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचं दार उघडं अडकून बसतं आणि इन्शुलिन बाहेर पडत नाही. नेमकं तेच दार बंद करणारी गोळी कित्येक दशकांपासून बाजारात होती, मोठ्या माणसांच्या मधुमेहासाठी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांची सुई सुटली. सुटली आणि साखर आधीपेक्षा चांगली राहिली. एका रक्ततपासणीने मुलाचं अख्खं आयुष्य बदलतं. तरुणपणीच होणाऱ्या आणि पिढ्यान् पिढ्या घरात चालत आलेल्या मधुमेहाच्या काही विरळ प्रकारांतही असंच आहे: एकात साधी गोळी इन्शुलिनपेक्षा बरी, दुसऱ्यात तर बहुतेकदा औषधच लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या प्रत्येक मधुमेही बाळाची ही तपासणी व्हायलाच हवी, त्यात खर्चाची सबब चालू नये.

पण आपल्या बहुतेकांचा मधुमेह असा एका जनुकाचा नसतो. त्यात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. डबीत लाळ घालून पाठवा, आम्ही तुमचा धोका सांगतो, असं म्हणणाऱ्या कंपन्या या शेकडो वाट्यांची बेरीज करतात. ही बेरीज ज्या अभ्यासांवर उभी आहे त्यांतली बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची आहेत. एफटीओ नावाच्या जनुकाचं उदाहरण मला बोलकं वाटतं. युरोपात दिसलं की हे जनुक माणसाला लठ्ठ करतं आणि लठ्ठपणामुळे मधुमेह येतो. पुण्याच्या गटाने २००९ साली आपल्या माणसांत पाहिलं तर त्याच जनुकाचा मधुमेहाशी संबंध होता, पण सगळा लठ्ठपणाच्या वाटेने जात नव्हता. जनुक तेच आणि त्याचा मार्ग इथे वेगळा. तिकडच्या तक्त्यावर इकडच्या माणसाचं भाकीत करायचं नसतं. जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० माणसांच्या जनुकांचा पूर्ण आराखडा तयार झाला आणि २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली, ही त्यासाठीच मला मोठी गोष्ट वाटते. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाला दहा हजार पुरणार नाहीत. पण सुरुवात आपल्या माणसांपासून झाली आहे.

मधल्या काळात निव्वळ साध्या मोजमापांतूनही बरंच कळतं आहे. स्वीडनमध्ये २०१८ साली मोठेपणी मधुमेह झालेल्या हजारो रुग्णांची वय, बीएमआय, साखर, इन्शुलिन बनवण्याची ताकद अशा थोड्या गोष्टींवरून पाच गटांत विभागणी केली. एका गटाच्या मूत्रपिंडाला धोका जास्त, दुसऱ्याच्या डोळ्यांना. पुढे पुण्याच्या रुग्णांना हीच पद्धत लावली तेव्हा पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्यांत सर्वांत मोठा गट निघाला तो इन्शुलिनच कमी बनवणाऱ्यांचा. स्वीडनच्या तरुण रुग्णांत लठ्ठ माणसं जास्त होती. म्हणजे ‘वजन उतरवा’ हा सल्ला तिकडे जितका रामबाण तितका इकडे नाही. आईला निदानानंतर पहिल्या भेटीत कुणीतरी छापील कागद दिला होता. त्यात पहिली ओळ होती, वजन पाच ते दहा टक्के कमी करा. पंचेचाळीस किलोच्या बाईने कुठून काय कमी करायचं? तिला हवे होते स्नायू. हवं होतं ताटातलं वरण, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, आणि उठ-बस करायला लावणारा कुणीतरी.

आता टाळता येतं का, हा खरा प्रश्न. येतं, पण पूर्ण नाही, हे मी सरळ सांगते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंबरठ्यावरची ५३१ माणसं होती. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणं आणि आहार नीट करून घेतला त्यांच्यात ३९ टक्के. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ४० टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्ही केलं तरी जास्त फायदा नाही. अमेरिकेत २००२ साली असाच मोठा अभ्यास झाला होता, तिथे आहार-व्यायामाने धोका ५८ टक्क्यांनी उतरला होता. आपल्याकडे साधारण २८ टक्क्यांनी. इथली माणसं कमी लठ्ठ, धोका मात्र कितीतरी अधिक. तीन वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं उंबरठा ओलांडतात, हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे १५८ तेव्हा नुकतेच आले होते.

त्या अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. तीच मेटफॉर्मिनची गोळी साठीच्या पुढच्यांना फारशी उपयोगी पडली नाही, पण ज्या बायकांना गरोदरपणात मधुमेह होऊन गेला होता त्यांचा धोका तिने निम्म्यावर आणला. एकच गोळी, आणि ती कुणाला द्यायची हे ठरलं बाईच्या जुन्या बाळंतपणावरून. माझ्या आईला चाळिशीत कुणी हा प्रश्न विचारून ती गोळी दिली असती तर तिचे डोळे आज कसे असते, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत, असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. हे आकडे मोठे आहेत, पण मला त्याहून हलवून सोडणारा आकडा त्या सहा खेड्यांतला आहे. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची तपासणी झाली. सहाशेच्या वर मुलंमुली. जवळजवळ निम्मी, ४८ टक्के, वजनाने कमी, अगदी तक्त्याच्या खालची. आणि तरीही ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर उंबरठ्यावर किंवा त्याच्या पलीकडे. मागच्या नोंदी काढल्या तर ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली होती त्यांची लहानपणापासूनच इतरांपेक्षा थोडी वर होती. त्यांच्या आयांचीही गरोदरपणात थोडी वर होती. थोडीच, मधुमेह म्हणण्याइतकी नव्हे.

तिशीला सुरू होणारी तपासणी या मुलांसाठी फार उशिराची आहे. मधुमेहाचा प्रतिबंध आपण चाळिशीतल्या माणसाला बागेत चालायला पाठवून करतो आणि तोही करायलाच हवा. पण याज्ञिकांच्या गटाला काम सुरू करावंसं वाटलं ते त्याच्याही आधी. त्यांना आधीच दिसलं होतं की त्या आयांपैकी दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर आणि बी-१२ कमी अशा आयांची मुलं सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. असंही दिसलं होतं की बाळाचं वजन आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा तिच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध किती होतं याच्याशी जास्त जोडलेलं आहे. मग २०१२ साली त्यांनी त्याच मुलामुलींना, ती किशोरवयात असतानाच, बी-१२ द्यायला सुरुवात केली. रोज २ मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसणारही नाही एवढं. त्यांच्या लग्नांआधी, त्यांच्या बाळंतपणांआधी. म्हणजे अजून न जन्मलेल्या नातवंडांच्या मधुमेहावर आजच औषध. इतका लांबचा विचार करणारं दुसरं वैद्यक मला माहीत नाही, आणि ते खेड्यातल्या मुलींच्या हातावर ठेवलेल्या एका लहानशा गोळीतून चाललेलं होतं.

माझ्या भाचीला, धाकट्याच्या मुलीला, या वर्षी दिवस राहिले. धाकट्याला स्वतःला अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली. गरोदरपणात वाढलेल्या साखरेत जो वाढला त्याचा धोका वाढतोच. भाची पहिल्यांदा डॉक्टरांकडे निघाली तेव्हा मला म्हणाली, “आत्या, तुझा तो कागद दे.” तो कागद म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नोंदी: आजीचं निदान कितव्या वर्षी आणि कसं झालं, तिच्या वडिलांचं जन्माचं वजन, माझं ‘सुपाएवढी’, तिचं स्वतःचं २.४ किलो, कुणाची कंबर किती, कुणाचं बी-१२ कमी. डॉक्टरबाईंनी तो नीट वाचला आणि साखरेची तपासणी त्याच दिवशी करून घेतली. तशी ती पहिल्याच भेटीत करायची असतेच, पण अनेक ठिकाणी चोविसाव्या आठवड्यापर्यंत ती कुणाला आठवत नाही. उपाशी राहावं लागत नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४०च्या आत हवी, १३१ आली. बी-१२ मात्र कमीच निघालं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत.

१३१ वर डॉक्टरबाई खूश नाहीत. त्यांनी तिला जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायला सांगितलं आहे, भात अर्धा करून उसळ वाढवायला सांगितलं आहे, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा बघायचीच असं केसपेपरवर आत्ताच लिहून ठेवलं आहे, कारण तेव्हा बाळाच्या गडबडीत कुणालाच सुचत नाही. पुढची तपासणी चोविसाव्या आठवड्यात, दसरा झाल्यावर. दोन तास थांबायचं असतं, म्हणून मी तिच्याबरोबर जाणार आहे.